रोजच्या कपड्यांवर पर्स कशी निवडायची: पर्सा शिवणारीचं सांगणं

नवी पर्स घ्यायला निघण्याआधी आत्ता वापरातली पर्स टेबलावर पूर्ण रिकामी करा. तळाशी गेलेली बिलं, सुटे पैसे, बंद पडलेली पेनं, अर्धं संपलेलं गोळ्यांचं पाकीट, सगळं बाहेर. मग दोन ढीग करा. रोज हात लागतो ते एकीकडे, 'असू दे, लागेल कधीतरी' ते दुसरीकडे. पहिला ढीग जेवढा, तेवढी पुढची पर्स. रंग, ब्रँड, ड्रेस हे सगळं त्यानंतर.

मी पुण्यात नारायण पेठेत पर्सा शिवते, आणि शिवते त्याहून जास्त दुरुस्त करते. फाटलेली पर्स हातात आली की ती कुठे फाटली आहे यावरून बाईचा दिवस कळतो. एकाच बाजूचा बंद उसवला असेल तर ती डबा आणि बाटली दोन्ही वाहते. मागची बाजू घासून पांढरी पडली असेल तर रोज स्कूटरवर पर्स पाठीशी असते. तळाचा पुठ्ठा मोडला असेल तर पर्स बसच्या ओल्या फरशीवर ठेवली जाते. बहुतेकींचं सांगणं एकच असतं: "काकू, किती छान मॅच होत होती हो!" मॅच होत होती हे खरंच असतं. पण ती पर्स लग्नाच्या हॉलपुरती होती आणि तिला रोज सकाळी आठच्या बसला नेलं गेलं. म्हणून माझ्याकडे कुणी रोजची पर्स शिवायला आलं की मी आधी विचारते, तुम्ही कशाने जाता आणि सोबत काय नेता? ड्रेस कुठले घालता हे नंतर. दिवसाला जुळलेली पर्स खांद्यावर नीट बसते, फुगत नाही, एका बाजूला ओढत नाही. अशी पर्स साध्या कॉटनच्या कुर्त्यावरही शोभून दिसते.

माप आणि वजन

डबा मोजा. गंमत नव्हे, खरंच पट्टी घेऊन मोजा. गोल डब्याचा व्यास साधारण पर्सच्या तळाच्या रुंदीपेक्षा जास्त असतो, म्हणून पर्स पोट फुगल्यासारखी दिसते आणि चेनवर आडवा ताण येतो. चेन जाते ती तिथूनच. डबा न्यायचाच असेल तर चपटा, चौकोनी घ्या, किंवा डब्याला वेगळी कापडी पिशवी करा. माझ्या मते दुसरा मार्ग जास्त चांगला. आमटी सांडली तर पर्सचं अस्तर वाचतं आणि पर्स एका आकाराने लहान घेता येते.

कागद न्यावे लागत असतील तर ए फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ लांब असतो हे लक्षात ठेवा. फाईल न वाकवता जायची तर पर्स आतून निदान ३२ सेंटिमीटर लांब हवी. दुकानदार माप सांगतो ते बाहेरचं. शिलाई आणि अस्तर धरून आत दोनेक सेंटिमीटर कमीच भरतात. लॅपटॉपच्या बाबतीतही हेच. १४ इंच ही पडद्याच्या तिरप्या रेषेची लांबी असते, लॅपटॉपच्या रुंदीची नाही. त्यामुळे आपल्या लॅपटॉपची लांबी-रुंदी मोजून चिठ्ठीवर लिहून न्या.

वजन तर सगळ्याजणी विसरतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात बाटलीचं वजन वेगळं. डबा, छत्री, चार्जर, पाकीट मिळून आणखी दीड-दोन किलो सहज होतात, आणि हे सगळं एकाच खांद्यावर. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात मुलांचं दप्तर त्यांच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावं असं म्हटलं आहे. ते मुलांसाठी आहे, पण मी मोठ्यांनाही तोच आकडा सांगते. त्यातही पर्स एका खांद्याची, म्हणून त्याच्या निम्मं वजन धरा. पंचावन्न किलोच्या बाईने एका खांद्यावर अडीच-तीन किलोंच्या वर वाहू नये. त्यापेक्षा जास्त होत असेल तर सरळ सॅक घ्या. नीट बेतलेली, एका रंगाची, लोंबते पट्टे नसलेली सॅक कुर्त्यावर आणि शर्ट-पँटवर अतिशय नीटनेटकी दिसते.

आणि रिकाम्या पर्सचंही वजन बघा. जाड रेक्झिन, मोठमोठ्या कड्या, साखळीचा बंद असलेली पर्स रिकामीच किलोभर भरते. दुकानात आतला कागदाचा बोळा काढून हातात धरून पाहा.

तुम्ही कशाने जाता

पुण्यातल्या निम्म्या पर्सा दुचाकीवर जगतात. स्कूटरच्या पुढच्या हुकाला लांब बंदाची पर्स अडकवली की ती गुडघ्यांना लागते, वळताना झोके घेते. तिथे आखूड हँडलची, रुंद तळाची पर्स लागते, किंवा मग ती डिकीत जावी. आडवी अडकवायची असेल, म्हणजे एका खांद्यावरून दुसऱ्या बाजूला, तर बंद एवढा आखूड करा की पर्स कमरेच्या वर राहील. कमरेखाली लोंबणारी पर्स सीटवर घासते आणि तिचा कोपरा आधी जातो. बंदाचं उरलेलं टोक आत खोचायला पट्टी आहे ना पाहा. ओढणी आणि लोंबता बंद या दोन्ही गोष्टी चाकात जाऊ शकतात, म्हणून गाडी सुरू करण्याआधी दोन्हींवरून एकदा हात फिरवायची सवय लावा.

माझी बहीण डोंबिवलीहून लोकलने जाते. तिचं गणित अगदी निराळं. गर्दीत पर्स पोटाशी धरावी लागते, म्हणून ती चपटी हवी आणि तोंडाला पूर्ण चेन हवी. नुसत्या चुंबकाच्या बटणाची, उघड्या तोंडाची टोट बॅग लोकलसाठी नाही, मग ती कितीही सुंदर असो. पास आणि मोबाइलचा कप्पा पर्सच्या मागच्या बाजूला, म्हणजे अंगाकडे येणारा असावा. बाहेरच्या बाजूला लटकणारे गोंडे, साखळ्या, फुलं दुसरीच्या ओढणीत अडकतात. एवढी माणसं एकमेकींना टेकून उभी असताना ते कुणालाच नको असतं.

बसने आणि रिक्षाने जाणाऱ्यांना यातलं काही फारसं लागत नाही. सुट्या पैशांना बाहेरून हात जाईल असा एक कप्पा असला की पुरे.

पर्स फाटते कुठे

हा भाग नीट वाचा, कारण दुकानात आपण समोरचा भाग बघतो आणि पर्स फाटते बाजूला.

सगळ्यात आधी बंद अंगाला जिथे जोडला आहे ती जागा. तिथे चौकोनी शिलाई आणि त्यात फुली मारलेली असेल तर ताण चारही बाजूंना वाटला जातो. नुसती एक आडवी शिलाई असेल तर ती वर्ष काढणार नाही. टाके मोजा. इंचाला सात-आठ असतील तर ठीक. फार बारीक टाके मजबूत दिसतात, पण चामड्यात आणि रेक्झिनमध्ये तेवढी भोकं पडतात आणि ते त्याच रेषेवर फाटतं. कापडी पर्सला मात्र बारीक टाके चालतात. बंद कापडाच्या एकाच पदराला शिवला आहे की आत जाड पट्टी आहे, तेही चिमटीत धरून चाचपता येतं. पट्टी असेल तर तिथे कडकपणा लागतो.

मग कड्या. बंद ज्या कडीत ओवलेला असतो तिचा सांधा बघा. तारेची दोन टोकं नुसती जवळ आणलेली असतील तर वजनाने ती फाकतात आणि बंद निसटतो. सांधा जोडलेला हवा. फ्रीजवरचं छोटं चुंबक पर्समध्ये ठेवून खरेदीला जा. कडीला ते घट्ट चिकटलं तर आत लोखंड आहे. वरचा मुलामा गेला की गंज येणार आणि तो गंज फिकट कुर्त्यावर उतरणार. कुर्त्यावरचा गंजाचा डाग जवळजवळ निघतच नाही. पितळेला चुंबक चिकटत नाही.

चेनबद्दल मी तासभर बोलू शकते. रनरच्या मागच्या बाजूला बहुधा एक आकडा असतो: ३, ५, ८, १०. चेन लावलेली असताना तिच्या दातांची रुंदी साधारण तेवढे मिलिमीटर असते. मुख्य तोंडाला निदान ५ नंबर हवी, मोठ्या बॅगला ८. तीन नंबर फक्त आतल्या कप्प्याला. स्वस्त पर्समध्ये पैसे वाचवतात ते इथेच. रनरवर 'वायकेके' कोरलेलं दिसलं तर ती १९३४ साली सुरू झालेली जपानी कंपनी आहे, चेनच्या धंद्यात तिचं नाव मोठं आहे. नाव नसलं तरी चालेल, पण चेन दुकानात दहा वेळा उघडबंद करा, विशेषतः कोपऱ्यावर. कोपऱ्यात अडकणारी चेन घरी येऊन सुधारत नाही. मुंबईत, कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेत धातूचे दात हिरवे-काळे पडतात. तिथल्या बायकांना मी नायलॉनची चेन सुचवते.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. चेन लावली तरी मागून उघडी पडत असेल तर दरवेळी अख्खी चेन गेलेली नसते. रनरची पकड सैल झालेली असते. दात शाबूत असतील तर नुसता रनर बदलून भागतं. चेन जड चालत असेल तर मेणबत्ती दातांवरून घासा. तेल लावू नका, तेल कापडात उतरतं.

अस्तर फिकट रंगाचं घ्या. काळ्या अस्तरात काळं पाकीट आणि किल्ल्या सापडत नाहीत, आणि जिन्यात दाराशी उभं राहून पर्स उपसावी लागते. कप्प्यात हात घालून अस्तर हळूच बाहेर ओढा. ते शिलाईपासून सुटं होताना दिसलं तर पर्स परत ठेवा. तळाला दाबून पाहा. पुठ्ठा असेल तर पावसाळ्यात तो भिजून मोडणार, प्लास्टिकचा पत्रा असेल तर टिकेल. तळाला चार छोटे पाये असतील तर उत्तम.

कशाची घ्यावी

दुकानात जे 'लेदर' म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेलं असतं. दिसायला ते छान असतं, पण दमट हवेत हा थर हळूहळू कमकुवत होतो आणि त्याचे पोपडे निघतात. कपाटात न वापरता ठेवलेल्या पर्सचेही निघतात. मग बायकांना वाटतं, जपून ठेवली तरी कशी गेली? जपून ठेवली म्हणून थांबणारी ती गोष्टच नाही, हवेतला ओलावा तिथेही पोचतो. पोपडे निघालेली पर्स दुरुस्त होत नाही, हे मी अगदी स्पष्ट सांगते. त्यामुळे अशी पर्स घ्यायची तर कमी किमतीची घ्या आणि रोज वापरून टाका. जपून ठेवायच्या पर्ससाठी हे साहित्य नाही.

खरं चामडं ओळखायचं तर कापलेली कड बघा. बंदाचं टोक किंवा आतल्या कप्प्याची कड उघडी असते. तिथे तंतू दिसले तर चामडं, वर थर आणि खाली विणलेलं कापड दिसलं तर नाही. मुंबईत धारावीत चामड्याच्या दुकानांची रांग आहे. तिथे जाऊन नुसत्या कडा बघितल्या तरी डोळा तयार होतो. चामडं महाग असतं, जड असतं, पण त्याचा बंद बदलता येतो, कड पुन्हा रंगवता येते, आणि वापरून ते अधिक छान दिसू लागतं.

रोजच्यासाठी माझी पहिली पसंती जाड कॅनव्हासला. हलका, धुता येतो, पावसात भिजला तरी वाळतो, आणि कॉटनच्या कपड्यांशी त्याचा पोत जुळतो. शबनम पिशवी आठवते? खांद्यावरची ती लांब बंदाची कापडी पिशवी एकेकाळी कार्यकर्ते, प्राध्यापक, कवी सगळ्यांकडे असायची. तिच्यात पुस्तकं, कागद, केळी सगळं मावायचं. तिचीच बेतणी घेऊन मी आत दोन कप्पे, तोंडाला चेन आणि कॅनव्हासचं अंग देते. खादीच्या कुर्त्यावर आणि इरकल साडीवर याहून शोभणारी पर्स मला माहीत नाही.

खणाच्या पर्सना सध्या खूप मागणी आहे. खण मुळात चोळीचं कापड. ते कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला विणतात. बारीक नक्षीची ती वीण सुंदर असते, पण घर्षणाला नाजूक. सगळं अंग खणाचं असलेली पर्स रोज कमरेला घासली की मागच्या बाजूचे धागे सुटतात. म्हणून खण फक्त पुढच्या झाकणावर घ्या आणि मागची बाजू कॅनव्हासची असू द्या. शिवून घेणार असाल तर खणाच्या आत बकरम, म्हणजे ताठपणा देणारं कडक कापड, लावायला सांगा. जुन्या साडीच्या काठाचंही तसंच. जुनं रेशीम घडीवर चिरतं, त्याला मागून सुती कापडाचा आधार दिल्याशिवाय ते पर्सला वापरू नये.

रंग

आता कपाट उघडा. घडी घातलेल्या कपड्यांकडे डोळे बारीक करून बघा. कुठले रंग पुन्हा पुन्हा दिसतात? कुणाच्या कपाटात विटकरी, मोहरी, शेवाळी, बदामी असे मातीकडचे रंग असतात, कुणाच्या कपाटात पारवा, निळा, वांगी, राणी असे गार रंग. पहिल्या घरात टॅन किंवा तपकिरी पर्स जवळजवळ सगळ्यावर जाते. दुसऱ्या घरात काळी, राखाडी किंवा गडद निळी. काळी सगळ्यावर जाते असं म्हणतात, पण अबोली, लिंबू, मोतिया अशा हलक्या कॉटनवर काळी पर्स ठसठशीत डाग दिसते. तिथे बदामी घ्या.

ड्रेसच्या रंगाची पर्स घेऊ नका. एका ड्रेससाठी घेतलेली पर्स त्या ड्रेसबरोबरच कपाटात बसते. ड्रेसवर जो रंग थोडासा आहे, ओढणीच्या काठात, बुट्ट्यात, पायपिनमध्ये, तो पर्समध्ये घ्या. आमसुली रंगाच्या साडीला मोहरी काठ असेल तर मोहरी पर्स घ्या. साडी आणि पर्स दोन्ही उठून दिसतात. कलमकारी, अजरख, बाटीक असे भरगच्च छापे असले की पर्स साधी, एकरंगी. कुर्ता साधा असला की खण, भरतकाम, रंगीत पट्टे, काय हवं ते.

चप्पल आणि पर्स अगदी एकाच रंगाची असायला हवी असा आग्रह मी धरत नाही, पण दोन्ही एकाच घराण्यातली असावीत. कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची असते, तिचा तो मधाळ तपकिरी रंग टॅन पर्सशी आणि कच्च्या कॅनव्हासशी जमतो. चकचकीत पेटंट लेदरच्या पर्सशी जमत नाही. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, ती आता ऑफिसातही बिनधास्त घातली जाते. फक्त पावसात ती घालू नका. पावसाळ्यात रबरी चप्पल घालावी लागते, मग पर्सही त्याच सुराची, कॅनव्हासची किंवा पाणी न शिरणाऱ्या नायलॉनची असावी.

किती पर्सा हव्यात? नोकरी करणाऱ्या बाईला तीन पुरतात. रोजची एक, पावसाळ्याची एक, आणि सणासमारंभाला एक लहान बटवा. याशिवाय घडी होणारी कापडी पिशवी प्रत्येक पर्समध्ये कायमची ठेवा. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून तर ती लागतेच, आणि भाजी पर्समध्ये कोंबायची वेळ येत नाही.

साडी, कुर्ता, जीन्स

साडीचा पदर डाव्या खांद्यावर असतो, म्हणून पर्स उजव्या खांद्यावर किंवा हातात. आडवा बंद पदरावरून गेला की निऱ्या दबतात, पिन ओढली जाते, आणि पुढे पर्स-पदर-पिन सोडवत बसावं लागतं. हँडल असलेली, कोपरात अडकवता येईल अशी पर्स साडीला सगळ्यात सोयीची. रेशमी किंवा माहेश्वरीसारख्या तलम साडीला धातूची साखळी, खडे, टिकल्या लावलेली पर्स लागू देऊ नका. एक धागा ओढला गेला की अख्ख्या पदरावर रेघ उठते.

कुर्त्यावर आडवी पर्स छान बसते, पण तिचा तळ कुठे येतो बघा. माणसाची नजर पर्सच्या तळाशी थांबते. तळ मांडीच्या सगळ्यात रुंद भागावर आला की तिथेच रुंदी दिसते. बंद दोन भोकं आखूड केला की पर्स कमरेवर येते आणि उंची वाढल्यासारखी वाटते. ठेंगण्या बायकांनी हे जरूर करून बघावं. ओढणी घेतलीच तर ती बंदाच्या खालून घ्या, म्हणजे बंदानेच ती धरून ठेवली जाते.

खांद्यावरच्या पर्सला बंदाचा लोंब, म्हणजे खांद्यापासून पर्सच्या तोंडापर्यंतचं अंतर, २२ ते २५ सेंटिमीटर असावा. त्यापेक्षा कमी असेल तर जॅकेट किंवा सनकोट घातल्यावर हात आत जात नाही. पुण्यात उन्हाळ्यात सनकोट, स्कार्फ, हातमोजे हा सगळा सरंजाम असतो, त्यामुळे पर्स दुकानात बघताना तो सनकोट अंगावर आहे असं धरून बघा.

जीन्स आणि शर्टवर बहुतेक सगळं चालतं. तिथे फक्त आकार ताठ असेल एवढं पाहा.

कान, गळा, हात

धातूचा रंग आधी ठरवा. बऱ्याचजणींच्या गळ्यात रोजचं मंगळसूत्र आणि हातात न उतरणारी सोन्याची बांगडी असते. म्हणजे तुमचा धातू ठरलेलाच आहे. मग पर्सच्या कड्या, घड्याळ, कानातलं शक्यतो सोनेरी घ्या. ऑक्सिडाइज्ड घालायची हौस असेल तर काळे मणी असलेलं कानातलं निवडा. मंगळसूत्रातले काळे मणी आणि कानातले काळे मणी एकमेकांना धरून राहतात, आणि सोनेरी-चंदेरी भांडत नाहीत. मंगळसूत्र न घालणाऱ्यांना मोकळीक जास्त. त्यांनी कॉटनवर चांदी, जरीवर सोनं एवढं पाळलं तरी खूप झालं.

बंद गळ्याच्या कुर्त्यावर गळ्यात काही नको, कानात मोठं घाला. गोल गळ्यावर ठुशी किंवा आखूड साखळी, खोल गळ्यावर लांब मोहनमाळ. ठुशी कॉटनच्या साडीवर रोजही चालते, तिला लग्नाची वाट बघायला लावू नका. चष्मा लावत असाल तर चष्मा हाच तुमचा रोजचा मोठा दागिना आहे. जाड फ्रेमवर कुड्या किंवा छोटे टॉप्स घाला, लोंबते झुमके फ्रेमशेजारी गर्दी करतात. फ्रेम तपकिरी असेल तर टॅन पर्स अधिकच खुलते.

हेल्मेट घालणाऱ्यांनी घरून निघताना फिरकीचे छोटे टॉप्स घालावेत आणि झुमके डबीत घालून पर्समध्ये न्यावेत. हेल्मेट काढताना हुकाचं कानातलं स्कार्फमध्ये अडकून कानाची पाळी फाटल्याची उदाहरणं मी ऐकली आहेत.

कान खाजत असतील, पाणी येत असेल तर धातू बघा. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच, तांबं, जस्त आणि निकेल असतं, आणि निकेलची अनेकांना ॲलर्जी असते. कानात जाणारी काडी तरी ९२.५ टक्के चांदीची घ्या. एक ग्रॅमचे दागिने पावडर, अत्तर सगळं लावून झाल्यावर घाला, घरी आल्यावर कोरड्या सुती कापडाने पुसा आणि वेगवेगळ्या पुड्यांत ठेवा. घामाने त्यांचा मुलामा लवकर उतरतो.

हाताला एका मनगटावर घड्याळ, दुसऱ्यावर बांगड्या. दोन्ही एकाच हातात घातलं की बांगड्या काचेला लागून ओरखडे पडतात. टायपिंगचं काम असेल तर बांगड्या कमीच बऱ्या.

जपायची कशी, दुरुस्तीला कधी द्यायची

आतल्या वस्तूंच्या दोन छोट्या चेनच्या पिशव्या करा, एकीत पैसे-किल्ल्या-पास, दुसरीत औषधं-कंगवा-रुमाल. पर्स बदलताना दोन पिशव्या उचलल्या की झालं. काही विसरत नाही, म्हणून पर्स बदलण्याचा कंटाळाही येत नाही.

पावसाळ्याआधी चामड्याच्या पर्सा पुसून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून, जुन्या मलमलच्या साडीच्या तुकड्यात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत ओल कोंडते आणि बुरशी धरते. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी आत टाका. अधूनमधून पर्स काढून सावलीत वारा द्या. बुरशी दिसलीच तर कोरड्या फडक्याने, घराबाहेर पुसा. उन्हात टाकू नका, चामडं कडक होऊन तडकतं.

बंदाचा एखादा टाका सुटलेला दिसला की त्याच आठवड्यात दुरुस्तीला द्या. टाका सुटला असेल तर शिलाई मारून होते. बंद उपटून कापड फाटलं की ठिगळ लावावं लागतं आणि ते दिसतं. द्यायच्या आधी पर्स पूर्ण रिकामी करा, आतल्या चोरकप्प्यासकट. तुटलेली कडी, निघालेलं बटण, सुटलेला तुकडा फेकू नका, बरोबर आणा. तसंच बटण रविवार पेठेत शोधायला मला सोपं जातं. आणि चेन बदलायची असेल तर जुन्या चेनचा रंग आणि नंबर दोन्ही दाखवा, एका नंबरने लहान चेन लावू देऊ नका, कारण तिथे पाच-दहा रुपये वाचतात आणि सहा महिन्यांत पर्स परत माझ्याकडे येते.